हातातल्या गेमिंग यंत्रावर घरचे रोजचे संगणकाचे काम : पंधरा महिन्यांचा अनुभव

अनुस्वार (चरई, ठाणे) | १५ ऑक्टोबर २०२५

काल, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबली आणि आमच्या सोसायटीतल्या तीन घरांतून मला एकच प्रश्न आला, की तुमच्या मुलाचे ते हातात धरून खेळायचे यंत्र, म्हणजे स्टीम डेक, तुम्ही संगणक म्हणून वापरता, ते खरोखर चालते का. प्रत्येकाला जिन्यात उभे राहून तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे, म्हणून हा धागा.

मी घरून मुद्रितशोधन आणि भाषांतर करते. जुलै २०२४ मध्ये, ऐन पावसात, माझा सात वर्षांचा लॅपटॉप बंद पडला. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्डला ओल लागल्याचे सांगून जो आकडा काढला, तो ऐकून मी लॅपटॉप परत पिशवीत घातला. हातात दोन पुस्तकांची प्रुफे होती. चिरंजीव वसतिगृहात राहायला गेलेले होते आणि त्यांच्या मामाने २०२३ मध्ये अमेरिकेहून आणलेला स्टीम डेक कपाटात पडून होता. "आई, तो संगणकच आहे, मॉनिटर जोड आणि वापर," असे त्याने फोनवर सांगितले तेव्हा मला ती थट्टा वाटली होती. पण ती थट्टा नव्हती. व्हॉल्व्ह कंपनीने २०२२ च्या फेब्रुवारीत विक्रीला आणलेल्या या यंत्रात एएमडीचा चार गाभ्यांचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि आमच्या प्रकारात २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची डिस्क, आहे. माझ्या गेलेल्या लॅपटॉपची रॅम याच्या निम्मी होती.

पॉवरचे बटण दाबून धरले की जी यादी येते, तीत डेस्कटॉपवर जाण्याचा पर्याय असतो. तो निवडला की खेळांचा पडदा जातो आणि केडीई प्लाझ्मा नावाचा डेस्कटॉप समोर येतो, ज्यात खाली पट्टी, डावीकडे कोपऱ्यात मेनू, फोल्डर, सगळे ओळखीचे. आत विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली आहे, आर्च या जातीची, पण ते कळण्याचा प्रसंग मला पहिल्या महिन्यात आला नाही. यंत्राला यूएसबी-सी चे एकच भोक आहे. त्यात एक हब (एका भोकाची अनेक भोके करणारी डबी) लावला आणि हबला चार्जर, मॉनिटर, कीबोर्ड व माऊस. यंत्र आत थंड हवा पाठीमागून घेते आणि गरम हवा वरच्या कडेने सोडते, त्यामुळे ते टेबलावर आडवे टाकून चालत नाही. सासूबाईंचा पोथी वाचायचा लाकडी स्टँड रिकामाच होता. त्यावर यंत्र तिरपे बसते आणि पाठ मोकळी राहते. त्यासाठी बाजारातला दुसरा कोणताही स्टँड मला इतका सोयीचा वाटला नाही.

देवनागरीसाठी वेगळे काहीही बसवावे लागले नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या लेआउटमध्ये 'इंडियन' निवडले की तो थेट इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी, असतो. शिफ्ट धरून एनवर ळ, शिफ्ट धरून जेवर ऱ. 'दुसऱ्या' लिहिताना शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ दाबली की अर्धा र जसा हवा तसाच उमटतो. ज्यांना इनस्क्रिप्ट येत नाही त्यांच्यासाठी मराठीचा एक उच्चारानुसारी लेआउटही त्याच यादीत आहे. फॉन्ट मी होम फोल्डरमध्ये, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइलींच्या जागेत, ठेवले आहेत, मुख्यतः 'मुक्ता' आणि 'नोटो', आणि ते आजपर्यंत एकाही अपडेटने पुसलेले नाहीत. हे का महत्त्वाचे, ते पुढे येईल.

पहिली फजिती मॉनिटरची झाली. आमच्याकडे यजमानांचा २७ इंची फोर-के (अतिशय बारीक ठिपक्यांचा) मॉनिटर आहे. हबच्या खोक्यावरही फोर-के लिहिलेले होते. जोडल्यावर चित्र सुरेख आले, पण माऊसचा बाण हाताच्या मागे मागे, चिखलातून चालल्यासारखा येऊ लागला. यंत्र दुबळे आहे, असा निष्कर्ष काढून मी दोन दिवस हळहळले. दोष हबचा होता. त्याचे एचडीएमआय जुन्या पद्धतीचे असल्यामुळे फोर-के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा बदलत होते. रेझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, १९२०×१०८० केल्यावर ते ६० वेळा बदलू लागले आणि बाण सुधारला, परंतु एवढ्या मोठ्या मॉनिटरवर रफार आणि अनुस्वार फिसकटलेले दिसू लागले, जे माझ्या धंद्यात अजिबात परवडणारे नाही. अखेर २५६०×१४४० वर दोन्ही साधले. एक पैसा खर्च झाला नाही.

आता फॉन्टची गोष्ट. या यंत्रातली मूळ प्रणाली कुलूपबंद असते. तिच्या दोन प्रती असतात, अपडेट दुसऱ्या प्रतीवर लिहिले जाते आणि नवी प्रत सुरू झाली नाही तर यंत्र जुनीवर परत येते. अडाणी हातांनी प्रणाली बिघडत नाही, हा याचा मोठा फायदा. तोटा असा, की त्या कुलपाच्या आत तुम्ही काही घातलेत तर पुढच्या अपडेटला ते जाते. डिस्कव्हर नावाच्या दुकानातून घेतलेले फ्लॅटपॅक (मूळ प्रणालीपासून वेगळे राहणारे) प्रोग्राम आणि होम फोल्डर मात्र राहतात. मला हे ठाऊक नव्हते. एका उत्साही भाच्याने आमचा प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर (पॅकेज) कुलूप काढून आत बसवून दिले होते. ते मे-जूनच्या मोठ्या अपडेटबरोबर नाहीसे झाले आणि प्रिंटर पुन्हा मुका झाला. तेव्हापासून मी पीडीएफ फोनवर पाठवते आणि फोनवरून छापते.

लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस (वर्डसारखा मोफत प्रोग्राम), ब्राउझर, ई-मेल, पीडीएफ प्रुफांवर खुणा करण्यासाठी ओक्युलर, एवढ्यात माझे सगळे काम बसते आणि त्यात यंत्र कधीही अडखळलेले नाही. चारशे पानांची फाइल, शेजारी दोन शब्दकोश ब्राउझरमध्ये उघडे, आणि पंखा ऐकूही येत नाही. अपवाद मे महिन्याचा. आमच्या पश्चिमेच्या खोलीत दुपारी पंखा चांगलाच घोंघावतो. खोलीचे तापमान ० ते ३५ अंशांमध्ये असावे, त्यावर गेल्यास यंत्र स्वतःचा वेग कमी करू शकते, असे कंपनीनेच सांगितलेले आहे, आणि ठाण्यातल्या मे महिन्याला ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

एका गोष्टीसाठी मात्र मी या यंत्राची कायमची ऋणी आहे. या जूनमध्ये दुपारी तीनच्या सुमारास वीज गेली. मॉनिटर काळा झाला. कीबोर्डचा दिवा विझला आणि पुन्हा लागला, आणि दोनेक सेकंदांत पोथीच्या स्टँडवरच्या सात इंची पडद्यावर माझीच फाइल उघडी होती, अर्धवट लिहिलेल्या शब्दापुढे कर्सर लुकलुकत होता. बॅटरी ४० वॅट-तासांची आहे. खेळ खेळताना ती दोन तासांत संपू शकते, पण मजकुराच्या कामाला पुष्कळ पुरते. चष्मा नाकावर पुढे ओढून मी प्रकरण संपवले.

प्रश्न असल्यास अवश्य विचारावेत.

---

खाडीपलीकडे (कोपरखैरणे) | १५ ऑक्टोबर

आपला लेख प्रामाणिक आहे, म्हणून प्रामाणिकपणेच लिहितो. महापे एमआयडीसीत संगणक दुरुस्तीचे माझे छोटे काम आहे आणि अशी यंत्रे टेबलावर येऊ लागली आहेत.

आपल्याकडे ते कपाटात पडून होते, त्यामुळे आपला हिशेब शून्यापासून सुरू झाला. हा लेख वाचून उद्या कोणी ते खास कार्यालयीन कामासाठी विकत आणायला निघाला तर मी त्याला दारातच अडवीन. स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. जो मिळतो तो परदेशातून कोणाच्या तरी सामानातून आलेला असतो, त्याची वॉरंटी इथे कोणी पाळत नाही आणि सुटे भाग शोधण्यात आठवडे जातात. रॅम बोर्डावरच जोडलेली आहे, त्यामुळे १६ जीबी म्हणजे आयुष्यभर १६ जीबी, आणि त्यातलाच काही हिस्सा ग्राफिक्ससाठी जातो. एसएसडी बदलता येते, पण ती २२३० या आखूड मापाचीच लागते. नेहमीच्या लॅपटॉपची लांब पट्टी आत बसत नाही. त्याच पैशात तळहाताएवढा मिनी पीसी येतो, त्याला चार यूएसबी असतात आणि तो बिघडला तर लॅमिंग्टन रोडपर्यंतही जावे लागत नाही.

दुसरी काळजी बॅटरीची. पंधरा महिने दिवसभर चार्जरला लावलेल्या बॅटऱ्या कशा फुगतात, हे मी आठवड्यातून एकदा पाहतो. मागचे कव्हर मध्यभागी किंचित उचलल्यासारखे वाटले, किंवा ट्रॅकपॅड नीट दाबला जाईनासा झाला, तर त्याच दिवशी वापर थांबवावा.

---

अनुस्वार | १५ ऑक्टोबर

खाडीपलीकडे, विकत घेण्याविषयी आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि ते मीच मूळ लेखात लिहायला हवे होते. घरात असेल तर वापरावे, नसेल तर यासाठी आणू नये.

बॅटरीविषयी : ज्या अपडेटने माझा प्रिंटर नेला, त्याच अपडेटने चार्जिंगची मर्यादा ठरवण्याची सोय दिली. मी ती ८० टक्क्यांवर ठेवली आहे. आपला प्रतिसाद वाचून यंत्र काचेच्या टेबलावर पालथे ठेवून कव्हर पाहिले, ते सपाट आहे.

---

ताळेबंद (नेरूळ) | १६ ऑक्टोबर

मी करसल्लागार आहे. माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे आणि त्याने कदाचित चित्र पुरे होईल.

माझ्या पुतण्याकडे डेकसारखेच हातातले यंत्र, आसूसचा आरओजी अ‍ॅलाय आहे. तो भारतात २०२३ च्या जुलैत अधिकृतपणे आला, तेव्हा वरच्या प्रकाराची किंमत ६९,९९० रुपये होती. त्यात मुळातच विंडोज ११ असते. मार्च अखेरीस माझा कार्यालयीन संगणक आजारी पडला तेव्हा तीन दिवस मी त्यावर काम काढले. टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) चालली, डिजिटल सहीचे टोकन (सही साठवलेला पेन ड्राइव्हसारखा तुकडा) हबला लावताच ओळखले गेले, विवरणपत्रे गेली. मॉनिटर जोडलेला असेपर्यंत समोर काय आहे, हे मी विसरूनही गेलो होतो. मॉनिटर काढला की मात्र सात इंचांत पूर्ण एचडी पडदा, त्यावर टॅलीची अक्षरे म्हणजे मोहरीचे दाणे. विंडोजचा छोटा फुलीचा चौकोन बोटाने दाबताना दोनदा शेजारचे काहीतरी दाबले गेले. जीएसटीच्या पानावर असा प्रसंग कोणावर येऊ नये.

आता स्टीम डेकविषयी. कंपन्या आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाच्या भागीदाऱ्या) यांना जीएसटीचे विवरणपत्र डिजिटल सहीनेच भरावे लागते, तर एकल मालकीच्या व्यावसायिकाला मोबाइलवरच्या ओटीपीने भागवता येते. त्यामुळे धागाकर्तींसारख्या एकट्याने व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीचे काम लिनक्सवर ब्राउझरमधून निर्वेध होते. माझे होत नाही. माझ्याकडे एका खणात अकरा टोकन आहेत आणि त्यांची सॉफ्टवेअरे विंडोज गृहीत धरून लिहिलेली आहेत. यंत्र किती वेगवान आहे, हा प्रश्न माझ्यापुरता इथेच गैरलागू होतो. आपल्या कामात विंडोजवाचून अडणारी एक तरी गोष्ट आहे का, एवढे प्रत्येकाने आधी कागदावर लिहून काढावे. मी लिहिले, तर यादी दोनच ओळींची झाली, पण त्या दोन ओळींवरच माझे घर चालते.

---

फळा_खडू (ऐरोली) | १६ ऑक्टोबर

मी शिक्षिका आहे. सुट्टीतल्या जादा तासिका मी घरून ऑनलाइन घेते, आणि माझी मुलगी बारावीला आहे. माझ्या भावाकडे असा डेक आहे आणि तो द्यायला तयार आहे. तासिका आणि मुलीच्या सराव परीक्षा, दोन्ही होतील का? दोघींनी एकच यंत्र वापरायचे असेल तर खाती वेगळी ठेवता येतात का?

---

घोडबंदरकर (कासारवडवली) | १६ ऑक्टोबर

फळा_खडू, मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि माझा डेक दोन वर्षे याच कामाला आहे, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

तासिका होतील. यंत्रात मायक्रोफोन आणि स्पीकर चांगले आहेत, कॅमेरा मात्र नाही. यूएसबी वेबकॅम हबला लावावा, तो बहुधा जोडताच ओळखला जातो. आवाजासाठी साधा वायरचा हेडफोन वापरलेला बरा, त्याचे भोक वरच्या कडेला आहे.

सराव परीक्षा ब्राउझरमधल्या असतील तर हरकत नाही. परंतु शाळा किंवा क्लास सेफ एग्झाम ब्राउझर (परीक्षेपुरते बाकी सगळे बंद करणारा प्रोग्राम) मागत असेल तर थांबावे, कारण ते विंडोज, मॅक आणि आयपॅड-आयफोनसाठी आहे, लिनक्ससाठी नाही. हे परीक्षेच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

खात्यांविषयी : खेळांच्या बाजूला स्टीमची अनेक खाती चालतात, पण डेस्कटॉपच्या बाजूला 'डेक' नावाचा एकच वापरकर्ता गृहीत धरलेला आहे आणि सुरुवातीला त्याला पासवर्डही नसतो. तो आधी ठरवून घ्यावा. दोघींसाठी दोन वेगळे ब्राउझर ठेवणे, हा सर्वांत कमी कटकटीचा उपाय मला वाटतो. आमच्या घरी फायरफॉक्स माझा आणि क्रोम बायकोचा, अशी वाटणी आहे आणि ती काटेकोरपणे पाळली जाते.

धागाकर्तींच्या भाच्याने कुलूप काढले, ते मी सहसा काढत नाही. मूळ प्रणालीत आता डिस्ट्रोबॉक्स नावाचे साधन आयतेच येते. त्यात होम फोल्डरच्या आत दुसरे लिनक्स वसवता येते आणि हवे ते पॅकेज तिथे घालता येते. अपडेट त्याला हात लावत नाही. प्रिंटरसाठी तो उत्तम मार्ग नाही, हे मान्य, पण बाकीच्या साधनांसाठी आहे.

---

अनुस्वार | १६ ऑक्टोबर

ताळेबंद यांच्या दोन ओळींच्या यादीवरून मला माझी एक ओळ आठवली, जी मी लेखात सोयीस्करपणे विसरले होते. एक जुने प्रकाशक अजूनही युनिकोडपूर्व, म्हणजे अक्षरांची आजची सर्वमान्य संगणकीय पद्धत येण्याआधीच्या, फॉन्टमधल्या फाइली पाठवतात. त्या लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या की पानभर रोमन अक्षरे, आकडे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. कारण त्या फाइलीत देवनागरी नसतेच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढलेला फॉन्ट तेवढा असतो. फॉन्ट मागवून होम फोल्डरमध्ये टाकला तर वाचता येते, पण त्यात शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि शब्दकोशाने तपासताही येत नाही. आजवर मी त्यांच्याकडून पीडीएफ मागवून त्यावरच खुणा करून पाठवत आले आहे. यावर काही मार्ग आहे का?

---

घोडबंदरकर | १६ ऑक्टोबर

रूपांतरक वापरून फाइल युनिकोडमध्ये आणता येते, पण जोडाक्षरे आणि ऱ्हस्व इकार यांत चुका राहतात, आणि त्या चुका आपल्याइतक्या कोणाला बोचणार नाहीत. या यंत्रात विंडोजचे आभासी यंत्र, म्हणजे लिनक्सच्या आत एका खिडकीत विंडोज, चालवूनही पाहिले. चालते, पण रॅमपैकी सहा-आठ जीबी त्याला दिल्यावर उरलेल्यात बाकीचे प्रोग्राम दाटीवाटीने बसतात. पीडीएफवर खुणा करण्याचा आपला मार्गच मला शहाणपणाचा वाटतो.

---

अनुस्वार | १७ ऑक्टोबर

आता माझीच अडचण. उद्या धनत्रयोदशीला चिरंजीव दिवाळीसाठी घरी येत आहेत आणि त्यांनी कळवले आहे, की परत जाताना डेक सोबत नेणार. मागणी न्याय्य आहे, यंत्र त्याचेच आहे. नणंदेकडे विंडोज १० चा एक जुना संगणक आहे, जो विंडोज ११ ला चालत नाही म्हणून ती मोडीत काढायला निघाली होती. त्यावर लिनक्स घालून हेच सगळे तसेच्या तसे उचलून नेता येईल का? पंधरा महिन्यांत शब्दकोशात भरलेले माझे शब्द, लिब्रेऑफिसच्या मांडण्या, खुणा, यांतले काही गमवायची माझी तयारी नाही.

---

घोडबंदरकर | १७ ऑक्टोबर

येईल. केडीई प्लाझ्मा असलेले कोणतेही लिनक्स घ्यावे, उदाहरणार्थ फेडोराची केडीई आवृत्ती, म्हणजे डेस्कटॉप ओळखीचाच राहील. लिब्रेऑफिस तिथेही फ्लॅटपॅकमधूनच घ्यावे. मग डेकवर डॉल्फिनमध्ये (फाइली पाहायच्या प्रोग्राममध्ये) 'लपलेल्या फाइली दाखवा' हा पर्याय चालू करावा. होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारा 'व्हार' (.var) नावाचा फोल्डर दिसेल, त्याच्या आत 'अ‍ॅप' मध्ये प्रत्येक फ्लॅटपॅकचा स्वतंत्र संसार असतो. लिब्रेऑफिसचा तेवढा फोल्डर, फॉन्टचा फोल्डर आणि आपल्या कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात आणि नव्या संगणकावर त्याच जागी ठेवाव्यात. नकल करताना लिब्रेऑफिस बंद असू द्यावे. पेन ड्राइव्ह विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर आधी सगळे एका झिपमध्ये बांधून मग हलवावे, नाहीतर काही फाइलींची नावे आणि परवानग्या वाटेत सांडतात.

---

खाडीपलीकडे | १७ ऑक्टोबर

नणंदबाईंच्या संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर लिनक्स घालण्याआधी ती काढून साधी साटा (जुन्या संगणकांच्या जोडणीची) एसएसडी बसवावी. प्रोसेसर जुना असला तरी चालेल. डेकनंतर त्या डिस्कवर काम करताना आपला सगळा संयम जाईल. आणि इन्व्हर्टर नसेल तर छोटा यूपीएस घ्यावा. वीज गेल्यावर तो संगणक पोथीच्या स्टँडवर जागा राहणार नाही.

---

अनुस्वार | १९ ऑक्टोबर

घोडबंदरकर आणि खाडीपलीकडे, दोघांचेही मनापासून आभार. एसएसडी बसली, फेडोरा चढले, झिप उघडले, आणि लिब्रेऑफिसने माझा शब्दकोश काल जिथे होता तिथूनच पुढे सुरू केला. मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस आता त्या संगणकाला आहेत. यूपीएस दिवाळीनंतर येईल.

चिरंजीव काल दुपारी आले. फराळाच्या ताटाआधी डेक हातात घेतला, मग मॉनिटरचा हट्ट धरून माझाच कीबोर्ड तासाभरासाठी काढून नेला. थोड्या वेळाने आतून हाक आली, की खेळाचे नाव शोधायला काहीही टाइप केले तरी सगळे देवनागरीतच का उमटते आहे.